कुलमुखत्यारपत्र केले म्हणजे आजारपणाची तजवीज झाली, हा गैरसमज

ज्येष्ठांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक सल्ला सातत्याने फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: मुलाच्या नावे नोटरीकडून कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद) करून घ्या आणि बँकेत नॉमिनी लावा; मग तुमची शुद्ध हरपली तरी पैशांचे आणि उपचारांचे सगळे निर्णय तो घेईल; लिव्हिंग विलच्या (म्हणजे निर्णय घेता येईनासा झाल्यास कोणते उपचार हवेत वा नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या वैद्यकीय इच्छापत्राच्या) भानगडीत पडू नका, ते इच्छामरण आहे. हेतू चांगला असेलही, पण या सल्ल्यावर विसंबलेले कुटुंब नेमके गरजेच्या वेळी अडकते.

सर्वांत घातक चूक कुलमुखत्यारपत्राविषयीची आहे. ते देणाऱ्याचे शरीर थकले पण भान शाबूत आहे, तोवर त्याचा उपयोग होतो. मात्र १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणारा मरण पावला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली, की मुखत्याराचा अधिकार सामान्यतः संपतो. ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निकामी होतो. इंग्लंडमधील नातेवाईक ज्या मुखत्यारपत्राची ग्वाही देतात, ते तिथल्या २००५ च्या कायद्याने खास अशाच प्रसंगासाठी घडवलेले आहे. आपल्याकडे तशी तरतूद नाही. म्हणूनच कोमात गेलेल्या पतीचे व्यवहार पाहता यावेत यासाठी पत्नीला मुंबई उच्च न्यायालयात पालकत्व मागावे लागले आणि २०२० मध्ये ते तिला मिळाले. आधीच उशाशी बसून जागरणे काढणाऱ्या बाईवर ही वेळ यावी, याचे मला फार वाईट वाटते.

नॉमिनीचा मुद्दा लहान आहे. खातेदार हयात असताना नॉमिनीला खात्यातून एक रुपयाही काढता येत नाही, आणि मृत्यूनंतरही केवळ नामनिर्देशनाने तो वारस ठरत नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले. रोजच्या खर्चासाठी दोघांपैकी कोणालाही चालवता येणारे संयुक्त खाते अधिक कामाचे.

राहिला उपचारांचा प्रश्न. वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्यता दिली. त्यासाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची स्वाक्षरी लागत असे. ती जाचक अट २४ जानेवारी २०२३ रोजी गेली, आणि आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन पुरते. आपल्याला निर्णय घेता येईनासा झाल्यास उपचारांना संमती वा नकार कोणी द्यावा, त्यांची नावे यातच लिहायची असतात आणि ती एकाहून अधिक असू शकतात. याला इच्छामरण म्हणून घाबरवणे चुकीचे आहे, कारण विषारी इंजेक्शन देऊन जीव घेणे आजही गुन्हाच आहे. इथे प्रश्न असतो तो बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम उपचार लांबवायचे की नाहीत एवढाच, आणि तेही डॉक्टरांच्या दोन स्वतंत्र मंडळांच्या संमतीनंतर. भान असेपर्यंत हा कागद केव्हाही बदलता किंवा रद्द करता येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती सोनक यांनी मे २०२४ मध्ये स्वतःचे असे इच्छापत्र नोंदवले.

आपल्या वैद्यकीय इच्छापत्राची प्रत ज्यांची नावे लिहिली त्यांच्याकडे, घरच्या डॉक्टरांकडे आणि स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी. कपाटात कुलूपबंद राहिलेली प्रत अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचणार नाही.