कॅटेगरीत ओव्हरराइड करू नका

ऑब्जेक्टिव्ह-सी या प्रोग्रॅमिंग भाषेत कॅटेगरी म्हणजे आधीच्या क्लासला, त्याचा सबक्लास (वारसदार क्लास) न करता, मेथड जोडण्याची सोय. ओव्हरराइड म्हणजे मूळ मेथडच्या जागी आपली लिहिणं. यांबद्दल एक सल्ला सर्रास फिरतो: ‘सबक्लास कशाला? कॅटेगरी लिहा आणि हवी ती मेथड ओव्हरराइड करा. कॅटेगरीला स्वतःचं नाव असतं, त्यामुळे टक्कर होत नाही.’

सबक्लास टाळा, हे बऱ्याचदा बरोबर. मजकूर ठेवणारा एनएसस्ट्रिंग हा क्लास क्लस्टर आहे, म्हणजे वरून एक क्लास, आत अनेक खासगी सबक्लास. त्याचा सबक्लास करायचा तर अक्षरं साठवण्यापासून सगळं आपल्याच गळ्यात पडतं, आणि फ्रेमवर्ककडून येणाऱ्या स्ट्रिंग तरीही आपल्या क्लासच्या नसतात. कॅटेगरीतली मेथड मात्र प्रत्येक स्ट्रिंगला मिळते. फाउंडेशन या पायाभूत फ्रेमवर्कच्या एनएसस्ट्रिंगला पडद्यावर चित्रणाच्या मेथड अ‍ॅपकिट या मॅकच्या इंटरफेस फ्रेमवर्कने अशाच जोडल्या आहेत.

ओव्हरराइडचा सल्ला मात्र घातक आहे. कॅटेगरी वारसाच्या साखळीत नवी पायरी घालत नाही. तिच्या मेथड त्याच क्लासच्या यादीत जातात. ‘सुपर’ म्हटलं की हाक थेट वरच्या क्लासला जाते, मूळ मेथड बोलावताच येत नाही. दोन कॅटेगरींत एकाच नावाची मेथड असेल तर कोणती चालेल याची भाषा हमी देत नाही. क्लस्टरमध्ये तर आणखी फसगत: एनएसस्ट्रिंगच्या कॅटेगरीत ‘लेंग्थ’ लिहिलीत, तरी हातातली स्ट्रिंग आतल्या खासगी सबक्लासची असते आणि त्याची स्वतःची ‘लेंग्थ’ चालते. तुमची मेथड नुसती पडून राहते.

कॅटेगरीच्या कंसातल्या नावाने संरक्षण मिळतं, हेही खोटं. ते नाव सिलेक्टरचा, म्हणजे ज्या नावाने मेथड शोधली जाते त्याचा, भाग नाही. यादी ठेवणाऱ्या एनएसअ‍ॅरेची ‘फर्स्टऑब्जेक्ट’ ही मेथड २०१३ साली आयओएस ७ च्या एसडीकेत (अ‍ॅप बनवायच्या संचात) जाहीर झाली. ती आतून आयओएस ४ पासूनच होती. त्याच नावाची मेथड कॅटेगरीत लिहिणारे नकळत अ‍ॅपलच्या मेथडवर बसत होते. म्हणून फ्रेमवर्कच्या क्लासवर मेथड लिहिताना तिच्या नावालाच आपला उपसर्ग आणि अंडरस्कोर लावा. अ‍ॅपलचंही हेच सांगणं आहे.

‘कॅटेगरीत डेटा ठेवताच येत नाही’ हे अर्धसत्य. इन्स्टन्स व्हेरिएबल (वस्तूच्या आतला डेटा) चालत नाही, असोसिएटेड ऑब्जेक्ट (चालताना वस्तूला बाहेरून जोडलेला डेटा) चालतो.

आणि ‘बिल्ड झालं म्हणजे झालं’ म्हणणाऱ्यांसाठी: कॅटेगरी स्टॅटिक लायब्ररीत असेल तर लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारं साधन) ती फाइल गाळू शकतो, कारण तो मेथडची नावं शोधतच नाही. मग अ‍ॅप चालू असताना ‘अनरेकग्नाइज्ड सिलेक्टर’ म्हणत कोसळतं. असं दिसलं तर मेथडचा कोड उसवत बसण्याआधी एक्सकोडच्या बिल्ड सेटिंग्जमधल्या अदर लिंकर फ्लॅग्जमध्ये ‘-ऑब्जसी’ (-ObjC) आहे का ते बघा.