‘अर्ध्या तासाच्या कामाला तीन दिवस’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. रविवारी सकाळी तुमची ट्रायल्सची, म्हणजे पाय न टेकता दगडांवरून बाइक चढवायच्या खेळाची, प्रॅक्टिस ठरली होती आणि गाडी हातात पडली सोमवारी संध्याकाळी. झालेल्या त्रासाबद्दल मनापासून दिलगीर आहे. शनिवारी तुमचे फोन आमच्या पोराने उचलले नाहीत, त्याबद्दलही सॉरी.

पण तुम्ही लिहिलंय, “पुढचा ब्रेक जाम होता, पिस्टन साफ केला की झालं, अर्ध्या तासाचं काम. यांनी तीन दिवस गाडी ठेवली, २,१५० रुपये उकळले आणि वर हौसेने १४ किलोमीटर फिरवून आणली.” हे वाचून गप्प बसणं मला जमणार नाही.

पिस्टन, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणारा दट्ट्या, साफ करणं अर्ध्या तासाचंच काम आहे, त्याला ना नाही. ते तुम्ही घरी आधीच केलं होतं ना सर? तुम्हीच सांगितलंत की दोन दिवस गाडी नीट चालली आणि परत चाक धरलं. मग तेच काम मी पुन्हा करायचं, पैसे घ्यायचे आणि तुम्हाला दगडांवर चढायला पाठवून द्यायचं, असं अपेक्षित होतं का?

शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही समोरच उभे होतात. पुढचं चाक उचललं, लिव्हर दाबून सोडली, चाक घट्ट. कॅलिपरचं, म्हणजे चाकापाशी पिस्टन असतो त्या भागाचं, हवा काढायचं निप्पल पाव आटा सैल केलं तर तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक लगेच मोकळं झालं. म्हणजे पिस्टन गंजून अडकला नव्हता, आत प्रेशर कोंडलं जात होतं. निप्पल बंद करून पुन्हा लिव्हर दाबली, चाक परत घट्ट. या वेळी वर हँडलवर लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरपाशी, जिथून तेल खाली ढकललं जातं, होजचा म्हणजे तेलाच्या रबरी नळीचा बोल्ट ढिला केला, तरी चाक सुटलं. म्हणजे होज चोक नाही, दोष वरच. तिथल्या ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं तर आतला रबरी पडदा तळलेल्या पापडासारखा फुगून वेडावाकडा झालेला, परत खोबणीत बसेचना. ब्रेक ऑइलने रबराचं असं होत नाही. म्हणून तुम्हाला बाजूला घेऊन विचारलं की यात काय टाकलं होतं. तुम्ही म्हणालात, “फोर्क ऑइल उरलं होतं, तेच टॉप-अप केलं. तेल ते तेलच.” फोर्क ऑइल म्हणजे पुढच्या शॉकअपमधलं तेल, ब्रेकचं रबर त्याने फुगतं.

हे मी चार गिऱ्हाइकांसमोर बोललो नव्हतो. “मेकॅनिकने माझ्यावरच ढकललं” असं तुम्ही इथे लिहिलंत, म्हणून आता सगळ्यांसमोर सांगावं लागतंय.

मास्टर सिलिंडरमध्ये तेल टाकीत परत जायला एक अगदी बारीक भोक असतं. आतलं रबर फुगलं की ते झाकलं जातं. मग ब्रेक वापरून तेल गरम झालं, पसरलं, की त्याला जायला वाट नाही. लिव्हरला हात न लावता ब्रेक आपोआप धरायला लागतो. खाली कॅलिपरमध्ये तर पिस्टन मागे ओढायला स्प्रिंगसुद्धा नसते. एक चौकोनी काठाचं रबरी सील असतं, दाबताना ते किंचित पिळलं जातं आणि सरळ होताना पिस्टनला केसभर मागे आणतं, बस्स. ते सील फुगलं की पिस्टन तिथेच. वरून कितीही साफ करा.

म्हणून कॅलिपरची सीलं, मास्टर सिलिंडरचं किट आणि होज, तिन्ही बदललं. होज चोक नव्हती तर बदलली का, हा तुमचा प्रश्न बरोबर आहे. पण तिच्या आतही रबरच आहे आणि तेच तेल त्यातून फिरलंय. जुनी ठेवली असती तर तुमचे पाचेकशे रुपये वाचले असते आणि महिन्या-दोन महिन्यांनी तुम्ही दुसरा रिव्ह्यू लिहिला असता. २,१५० मध्ये आमची मजुरी ७०० आहे, बाकी पार्ट छापील किमतीत, दुकानाचं बिल जोडलेलं आहे. काढलेलं तेल बाटलीत ठेवलं होतं, सकाळी त्याचे दोन थर झाले होते, वर तांबूस फोर्क ऑइल आणि खाली ब्रेक ऑइल. त्याचा फोटो तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. तुम्ही तो पाहिलाही आहे, निळ्या टिक दिसतायत.

आता तीन दिवसांचं. गाडी आली शुक्रवारी संध्याकाळी सातनंतर. शनिवारी अनंत चतुर्दशी. नाना पेठेतली पार्टची दुकानं त्या दिवशी उघडतील का आणि उघडली तरी आपण तिथे पोचू का, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको. रविवारी तर मिरवणूकच संपली नव्हती. सोमवारी दुकान उघडताच पोरगा पार्ट घेऊन आला, दुपारी सगळं बसवलं, ब्रेकच्या तेलातली हवा काढली, संध्याकाळी गाडी तुमच्या ताब्यात. प्रत्यक्ष काम एका दिवसाच्या आत झालंय.

आणि ते १४ किलोमीटर. थंड असताना तुमचा ब्रेक सुरुवातीला ठीक चालत होता, गरम झाला की धरत होता. मग गरम केल्याशिवाय कळणार कसं? जुन्या कात्रज बोगद्यापर्यंत गेलो, उतारावर ब्रेक मारत आलो, मध्ये दोनदा थांबून चाक उचलून फिरवून पाहिलं. सीट काढून तुम्ही तिथे पातळसा फोम चिकटवलाय सर, त्यावर बसून घाट चढण्यात कसली आलीय हौस? पेट्रोलही लावलं नाही बिलात.

तुम्हीच मला सांगितलं होतं की ट्रायल्समध्ये पाय टेकला की दंडाचा गुण पडतो, सगळा खेळ एका बोटाने ब्रेक धरण्या-सोडण्याचा. तसल्या ठिकाणी दगडाच्या टोकावर उभं असताना पुढचा ब्रेक सुटलाच नाही तर गुणांचं राहू द्या, माणूस गाडीखाली जातो. ती गाडी मी अर्ध्या तासात देणार नाही, आजही नाही.

आमचं शोरूम नाही, नवीन गिऱ्हाईक आधी हे स्टारच बघतं. परवा एकाने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, “तुम्ही गिऱ्हाइकाच्या गाड्या फिरवता का?” काय उत्तर द्यायचं?

यापुढे पार्टला उशीर होणार असेल तर आधी कळवण्याची काहीतरी व्यवस्था करतो, फोनचंही पोराला बजावलंय. टेस्ट राइड घेणार असू तर जॉब कार्डवर लिहायचं, तेही बघतो.

एक राहिलं. तुम्ही आखूड ॲडजस्टेबल लिव्हर बसवणार म्हणत होतात. तिचा स्क्रू मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला जरासा जरी दाबून राहिला तरी हाच त्रास परत होईल. लिव्हरला थोडा मोकळा खेळ हवाच. बसवायच्या आधी गाडी घेऊन या, पैसे न घेता बघून देतो. टॉप-अप मात्र टाकीच्या झाकणावर ब्रेक ऑइलच्या प्रकाराचा जो डॉट (DOT) नंबर लिहिलाय त्याच ब्रेक ऑइलने, सीलबंद बाटलीतून. येणार असाल तर सकाळी अकराच्या आत या, नंतर गर्दी असते.