भावी नगरसेवकांसाठी विलायती शिकवणी

फ्लेक्स लागला, अभिनंदन! गॉगल आहे, अंगठ्या आहेत, खाली कार्यकर्त्यांचे फोटो दाटीवाटीनं बसलेत. उणीव आहे ती फक्त विचारधारेची. आपल्या कोल्हापुरात गटार, दिवाबत्ती आणि रंकाळा तलावाचं सुशोभीकरण यावर माणूस किती वर्षं बोलणार? त्यापेक्षा परदेशातल्या उजव्या पुढाऱ्यांचा थोडा अभ्यास करा.

श्रीगणेशा ब्रिटनच्या थॅचरबाईंपासून करू. १९७१ मध्ये शिक्षणमंत्री असताना बाईंनी सात वर्षांवरच्या पोरांचं शाळेतलं फुकट दूध बंद केलं. लोकांनी दूधचोर म्हणून हिणवलं, पण आठ वर्षांनी त्याच बाई पंतप्रधान झाल्या. वाचून हुरळू नका. आपला गाव वेगळा आहे, मर्दा. गंगावेशीत संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी समोरच पिळतात, गरम दुधाचा ग्लास हातात येतो आणि मिशीला फेस लागलेला पैलवान तो पुसायच्या आधी दुसरा ग्लास मागतो. त्याच्यापुढं उभं राहून दूधकपातीवर बोलायची छाती आहे का? इथं दुधाला हात घालायचा तो दूध संघाचा संचालक होऊन. ठरावधारक, म्हणजे संघात मत असलेले दूध संस्थांचे प्रतिनिधी, गोळा करा, त्यांना सहलीला न्या, मतदानाच्या दिवशी थेट केंद्रावर उतरवा. मुक्त बाजारपेठेवरचं व्याख्यान त्यानंतर सवडीनं.

बाईंचा दुसरा धडा मात्र सोन्यासारखा आहे : तोट्यातला धंदा सरकारनं पोसायचा नाही. कोळशाच्या खाणी बंद होणार म्हणून १९८४-८५ मध्ये खाणकामगार वर्षभर संपावर गेले, पण बाई हलल्या नाहीत. हे तत्त्व केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या बसच्या, तोट्याला लावा, महाद्वार रोडवरच्या फेरीवाल्याला लावा, कर्जमाफी मागणाऱ्या शेतकऱ्याला तर हमखास लावा. फक्त साखर कारखान्याच्या गेटवर ते चपलेसारखं काढून ठेवा. कारखाना तोट्यात गेला की तो धंदा राहत नाही, सहकार चळवळ होतो. आणि चळवळीला सरकारची थकहमी, म्हणजे कर्ज थकलं तर फेडायची हमी, लागतेच. गुंता वाटला तर घाबरू नका, चेअरमन समजावून सांगतील.

समाज अशी काही चीजच नसते, असतात ती माणसं आणि कुटुंबं, असंही बाई १९८७ मध्ये एका मुलाखतीत म्हणाल्या होत्या. यातला कुटुंबांचा भाग आपल्या जिल्ह्यानं केव्हाच अमलात आणलाय. वडील आमदार, थोरला कारखान्यात, धाकटा बँकेत, सूनबाई जिल्हा परिषदेत.

खासगीकरणाचं म्हणाल तर बाईंनी टेलिफोन विकला, गॅस विकला आणि १९८९ मध्ये इंग्लंडचं पाणीही विकलं. आता तिथल्या नद्यांत मैला सोडला जातो म्हणून लोक ओरडतात. आपली पंचगंगा काही न विकता त्या पातळीला पोचली, हे भाषणात अभिमानानं सांगा.

करांच्या बाबतीत जरा जपून. गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखाच कर, अशी योजना बाईंनी १९९० मध्ये इंग्लंडात आणली. मार्चअखेरीस लंडनमध्ये दंगल झाली आणि नोव्हेंबरात बाईच गेल्या. आपल्याकडं टोलचं काय झालं ते आठवा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी पिकली माणसं रस्त्यावर उतरली, पेठाच्या पेठा निघाल्या, नाके पेटले आणि टोल गुंडाळावा लागला. तेव्हा कर वाढवू नका, सरळ माफ करा. ब्रिटनच्याच पंतप्रधान लिझ ट्रस यांनी २०२२ च्या सप्टेंबरात कर्जाच्या भरवशावर ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पौंड गडगडला आणि पंतप्रधानपद ४९ दिवसांतच गेलं. एका वर्तमानपत्रानं लेट्यूसचा गड्डा मांडून ठेवला होता, बाई जास्त टिकतात की हा. गड्डा टिकला! तुम्हाला ही भीती नाही. घरफाळा माफ म्हणून छापा, रुपया जागचा हलणार नाही. आणि महापौरपद महिन्यांच्या हिशेबात वाटून घेणाऱ्या या गावात ४९ दिवसांचं कुणाला काय वाटणार?

शाळांचं सोपं आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पहिल्या वाक्यात त्यांचं नाव घ्या, दुसऱ्या वाक्यात पट कमी म्हणून महापालिकेची शाळा बंद करा. मध्ये टाळ्यांसाठी थांबायला विसरू नका.

शेवटी संस्कार. हंगेरीचे पंतप्रधान असताना ओर्बान यांनी २०१९ मध्ये चार किंवा अधिक मुलांच्या आयांना जन्मभर आयकर माफ करायची घोषणा केली. कुटुंबसंस्थेवर बोलताना हा दाखला जरूर द्या, महिला मेळाव्यात तर द्याच. स्वतः मात्र दोनावर थांबा. सप्टेंबर २००१ नंतरचं तिसरं अपत्य निघालं तर छाननीतच अर्ज बाद होतो, आणि तक्रार करायला तुमच्याच तालमीतला माणूस जन्माचा दाखला घेऊन उभा असतो.