'मोटारीच्या किमतीत विमान': भाच्याला आलेल्या मेसेजला उत्तर

"मामा, हे वाच. आपल्याला जमण्यासारखं आहे," असं लिहून भाच्याने परवा रात्री एक मेसेज पाठवला. हाच मेसेज आधी दोनदा माझ्याकडे येऊन गेला होता आणि मी सोडून दिला होता. या वेळी मात्र खाली एका विकाऊ विमानाचे फोटो होते आणि तिघा मित्रांत रक्कम कशी वाटायची याचा हिशोबही होता. आता गप्प बसून चालणार नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: जुनं चार आसनांचं विमान चांगल्या नव्या मोटारीच्या किमतीत मिळतं. एकदा घेतलं की खर्च फक्त इंधनाचा. चाळीस तासांत परवाना हातात. विकत नको असेल तर भाड्याने घ्या आणि हवं तिथे जा. आणि ओळखीच्यांना पैसे घेऊन फिरवलंत तर विमान आपला खर्च आपणच काढतं.

पहिला मुद्दा बराचसा खरा आहे, मान्य करतो. सेस्ना कंपनीचं १७२ हे असंच चार आसनांचं विमान १९५६ पासून बाजारात आहे आणि आजवर ४४,००० हून जास्त बनली आहेत, त्यामुळे जुनी विमानं विकायला असतातच. पण कंपनीने १९८६ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं आणि ते १९९६ मध्ये पुन्हा सुरू केलं. स्वस्तात दिसतात ती बहुतेक त्या खंडाच्या आधीची, म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांची. निव्वळ वयाला मी घाबरत नाही. नीट राखलेलं पन्नास वर्षांचं विमान छान उडतं. पैसा जातो तो या 'नीट राखण्यात', आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखच नाही.

'खर्च फक्त इंधनाचा' हे वाक्य वाचून मला खरोखर राग आला. सेस्ना १७२ दर तासाला साधारण ३० ते ३५ लिटर पेट्रोल पिते, तेही विमानाचं वेगळं पेट्रोल. पण हा खर्च उडालात तरच. बाकीचे खर्च विमान जमिनीवर उभं असतानाही चालूच राहतात: हँगरचं किंवा नुसत्या उभं करण्याच्या जागेचं भाडं, विमा, वार्षिक तपासणी. नियम देशागणिक बदलतात. मी अमेरिकेचे धरतो, कारण सगळ्यात जास्त खासगी विमानं तिथे आहेत. तिथे दर बारा महिन्यांनी वार्षिक तपासणी झाल्याशिवाय विमान उडवता येत नाही, मग वर्षभरात ते शंभर तास उडालेलं असो वा दोन. शिवाय जुन्या प्रकारात कुठे दोष सापडला की सरकारी आदेश निघतो आणि ठरलेली दुरुस्ती करावीच लागते. सेस्नाच्या आसनांखालच्या रुळांबद्दल असा आदेश आहे. ते झिजले की टेकऑफच्या वेळी वैमानिकाचं आसन मागे घसरू शकतं.

त्यात इंजिन. या विमानांतल्या बऱ्याच लायकमिंग इंजिनांसाठी ती बनवणारी कंपनी २,००० तासांनी किंवा १२ वर्षांनी ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्ती, करायला सांगते. त्या विकाऊ विमानाच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'इंजिन फक्त ४०० तास चाललेलं'. भाच्याला हीच गोष्ट सगळ्यात आवडली. फोटोंत लॉगबुकचं एक पान होतं, ते मी मोठं करून वाचलं. नऊ वर्षांत एकोणचाळीस तास! हे नवंकोरं इंजिन नव्हे, हे पडून राहिलेलं इंजिन आहे. लायकमिंगचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, वर असतो. इंजिन चालू असताना तेल उडून त्याच्यापर्यंत पोचतं. बंद झाल्यावर ते हळूहळू खाली उतरतं, दमट हवा आत असतेच, आणि महिनोन्‌महिने हलवलं नाही की कॅमच्या उंचवट्यांवर गंज धरतो. पुढच्या वेळी इंजिन चालू झालं की तोच गंज कानसीसारखा धातू खातो.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पाच जणांनी मिळून घेतलेल्या एका विमानात माझा हिस्सा होता. ते तेव्हा दीड वर्ष जवळजवळ उडालंच नव्हतं. मेकॅनिकने तेलाचा फिल्टर कापला, आतला चुण्यांचा कागद टेबलावर पसरला आणि त्यावरून लोहचुंबक फिरवला. चुंबकाच्या टोकाला बारीक चकचकीत कीस चिकटून आला. त्या क्षणी आमच्या सगळ्या तासांचा हिशोब संपला. जुन्या विमानात ओव्हरहॉलचा खर्च विमानाच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत सहज जातो. पाचांतल्या दोघांना तो झेपला नाही.

चाळीस तासांत परवाना? ती अमेरिकेतली किमान अट आहे; युरोपात ४५ तास. बहुतेकांना साठ-सत्तर लागतात. आणि त्या परवान्यावर ढगात शिरता येत नाही, त्याचं शिक्षण वेगळं.

भाड्याचा मुद्दा त्यातल्या त्यात शहाणपणाचा आहे आणि बहुतेकांनी तेच करावं असं माझंही मत आहे. पण 'हवं तिथे जा' ही थाप आहे. आधी तिथल्या इन्स्ट्रक्टरसोबत उडून दाखवावं लागतं. माणसं सोबत न्यायची तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेले हवेत. विमान दोन दिवस बाहेर ठेवलंत तर बहुतेक ठिकाणी दिवसाला ठरावीक तासांचं भाडं द्यावंच लागतं, इंजिन बंद असलं तरी. आणि चार आसनं म्हणजे चार माणसं नव्हेत. नव्या १७२ मध्येही टाकी पूर्ण भरली की माणसं आणि सामान मिळून अडीचशे किलोच्या आसपासच जागा उरते.

आता शेवटचा मुद्दा, पैसे घेऊन फिरवण्याचा. अमेरिकेत खासगी परवानाधारकाला इंधन, तेल, विमानतळाचं शुल्क आणि विमानाचं भाडं एवढंच सोबत्यांशी वाटून घेता येतं, आणि त्यातही आपला समान वाटा स्वतः भरावा लागतो. हँगर, विमा, तपासणी, ओव्हरहॉल यांतलं काहीच वाटता येत नाही. म्हणजे जो खर्च खरोखर जड आहे तो मालकाच्याच डोक्यावर. विमान आपला खर्च काढेल कुठून?

ही बंदी का आहे ते २१ जानेवारी २०१९ च्या रात्री दिसलं. एमिलियानो साला हा फुटबॉलपटू फ्रान्समधल्या नॉन्तहून कार्डिफला निघाला होता. त्याचं एका इंजिनाचं पायपर मालिबू विमान ग्वेर्नसी बेटाजवळ समुद्रात कोसळलं. साला आणि वैमानिक दोघेही गेले. ब्रिटनच्या हवाई अपघात तपास विभागाचा अहवाल मार्च २०२० मध्ये आला, आणि मेसेज पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा. वैमानिकाकडे पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना नव्हता, रात्री उडण्याचंही प्रशिक्षण नव्हतं. सालाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण ५८ टक्के निघालं, आणि वैमानिकालाही त्याची बाधा झाली असावी असा निष्कर्ष आहे. लहान विमानात केबिन गरम करायला बहुधा एक्झॉस्टची उष्णता वापरतात. तिथे चीर पडली की हा वायू थेट केबिनमध्ये येतो, आणि त्याला वास नसतो. ती चीर शोधायची जागा म्हणजे तपासणी, 'खर्च फक्त इंधनाचा' म्हणणारे जी हिशोबात धरतच नाहीत. उड्डाण ठरवून देणाऱ्याला २०२१ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

भाच्याला उडायचंय याचा मला आनंदच आहे. येत्या रविवारी त्याला आणि त्याच्या दोघा मित्रांना मी क्लबमध्ये नेतोय, इन्स्ट्रक्टरसोबत तिघांनीही एकेक तास उडावं म्हणून. आणि त्या विमानाच्या लॉगबुकची उरलेली पानं, शिवाय तेलाचा फिल्टर शेवटचा कधी कापला याची नोंद, विकणाऱ्याकडून मागवायला सांगितलंय. आज तिसरा दिवस, अजून काही आलेलं नाही.