आटे जुळेनात

जगात पॅडल दोन मापांची असतात हे मला चाळिशी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगतो, काही अडलंही नव्हतं. मग जुन्या बाजारातून एक गंजकी बीएमएक्स, म्हणजे लहान चाकांची शर्यती-कसरतींची सायकल, घरी आली. फ्रेम अस्सल अमेरिकन, ऐंशीच्या दशकातली, आणि बाकीचं सामान मधल्या चाळीसेक वर्षांत ज्याच्या हाताला जे लागलं ते. बायको म्हणाली, भंगारवाला घरातून नेतो, तू घरात आणतोस.

तर पॅडल. या सायकलचा क्रँक, म्हणजे पॅडल ज्याला लागतात तो भाग, एकच जाड सळई वाकवून केलेला, दोन्ही दांडे आणि मधला एक्सल सगळं एकसंध, कॉटर पिन ठोकायचा विषयच नाही. त्याच्या भोकाचे आटे अर्ध्या इंचाचे आणि दुकानात सर्रास मिळतं ते पॅडल 9/16 इंचाचं. फरक दीड मिलिमीटरच्या जरासा वर! आमच्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी सगळं तोंडपाठ होतं, पण नऊ-सोळांशाचा पाढा त्यांनाही कुणी शिकवला नव्हता. बरं डाव्या पॅडलचे आटे उलटे, क्रँकच्या डावीकडच्या कोनचेही (छर्रे जागेवर दाबून धरणाऱ्या नटाचेही) उलटे, त्यामुळे गल्लीतल्या सायकलवाल्या बापूंचा पोऱ्या पान्ह्याला पाइप लावून जीव खाऊन सोडवत होता तो कोन प्रत्यक्षात अजून घट्ट होत होता. बापू बिडी ओढत शांतपणे बघत होते. शिकू दे म्हणाले.

मग टायर. 20 इंची द्या म्हटलं, दिलं, चढेना. कारण पुढची रिम निघाली 20 x 1 3/8 ची, म्हणजे टायर बसतो तिथला व्यास 451 मिमी, आणि माझ्या हातातलं बीएमएक्सचं 20 x 1.75, ते 406 मिमी. दोन्ही वीस इंचीच बरं का. आणि याहून भारी म्हणजे 20 x 1.75 आणि 20 x 1 3/4 हेसुद्धा एक नाहीत, दुसरं 419 मिमीचं असतं! शाळेत मी पावणेदोन बरोबर 1.75 लिहून पैकीच्या पैकी घेतलेत, आता ते मार्क परत करावे लागणार.

हँडलच्या दांडीचंही तेच, साध्या सायकलची 22.2 मिमी आणि या बयेला हवी 21.1. बापूंनी दांडी हातात घेऊन म्हटलं, ‘पॉलिश पेपर मारू की साहेब, दिवाळीपर्यंत होईल.’ शेवटी बोहरी आळीतून ओळखीच्या ओळखीने लेथवाला गाठला, त्याने हसत हसत चहा पाजला आणि पैसे मात्र अजिबात न हसता घेतले.

मागचं चाक मिळालं ते नंतरच्या कुठल्यातरी फ्रीस्टाइल सायकलचं, एक्सल 14 मिमी, आणि फ्रेमची खाच 10 ची. म्हणजे आता कानस. मी घासतोय, वरच्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीतून विचारतायत काय चाललंय, दात शिवशिवतायत सगळ्या बिल्डिंगचे. पण बसलं चाक! चेन टाकली, छर्रे ग्रीसमध्ये बसवले, पोराला खाली बोलावलं.

त्याने एक चक्कर मारली, आला, आणि म्हणाला, ‘बाबा, याला स्टँड कुठंय?’

बापूंकडे एक जुना पडला होता, फुकट दिला. एक्सल त्याच्या भोकातून जात नाही. कानस परत घरी आलीये.