जपानी शाळा आणि ‘रक्तातली शिस्त’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जपानी शाळांवरच्या माझ्या लेखावर प्रतिक्रिया मोकळेपणाने लिहिलीत, तेव्हा उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचे आक्षेप तीन आहेत. शिस्त जपान्यांच्या रक्तातच असते, ती आयात करता येत नाही. शाळेची सफाई मुलांकडून करून घेण्यासाठी त्यांच्या हाती झाडू देणं ही वेठबिगारी आहे. आणि तिथल्या मुलांची घुसमट मी लिहिलीच नाही.

आधी रक्ताचं बघू. जपानमध्ये सक्तीच्या शिक्षणाच्या नऊ वर्षांची पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. ही मुळात सरकारची कृपा नव्हती. १९६१ साली कोची शहरातल्या नागाहामा भागात बुराकु वस्तीतल्या आया उठल्या. बुराकु म्हणजे तिथला पिढ्यान्‌पिढ्या विटाळ मानला गेलेला समाज. सक्तीचं शिक्षण मोफत असेल, असं राज्यघटनेचं कलम २६ सांगतं, मग पुस्तकं विकत का घ्यायची, असं विचारून त्यांनी ती घ्यायला नकार दिला. पुढे १९६३ साली कायदा झाला आणि १९६९पर्यंत तो सगळ्या इयत्तांना लागू झाला. यात रक्त कुठे आलं? भांडण आलं, कायदा आला, तिजोरी आली.

शिक्षकांचंही तेच. सरकारी शाळेतला शिक्षक सहसा प्रांताच्या शिक्षण मंडळाचा असतो, काही वर्षांनी त्याची बदली होते आणि पगाराचा एक तृतीयांश वाटा केंद्र सरकार उचलतं. त्यामुळे चांगले शिक्षक एकाच नामांकित शाळेत ठाण मांडून बसत नाहीत. कंटाळवाणा भाग आहे खरा, व्हिडिओत दिसत नाही. व्हिडिओत दिसतात पांढऱ्या टोप्या घालून जेवण वाढणारी मुलं.

झाडूचा तुमचा मुद्दा मात्र मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे शाळेत झाडू दिला की पालक चिडतात, आणि त्यांचं चिडणं योग्यच असतं, कारण संडास धुवायला कोणत्या आडनावाची पोरं पाठवली जातात हे आपण जाणतो. जपानी वर्गात सफाईची पाळी लावलेली असते आणि डॉक्टरच्या मुलाचीही त्यातून सुटका नसते. शिक्षकही सोबत असतात. (तिथे सफाई कर्मचारीच नसतात, हा फॉरवर्ड मात्र खोटा. शाळेची देखभाल करणारा माणूस असतो. चौथीपर्यंत परीक्षाच नसतात, हाही त्याच माळेतला मणी.) जिथे आडनाव बघून पाळी मोडता येते, तिथे हा प्रकार आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता घुसमट. ती लपवण्यात अर्थ नाही. २०२३–२४ या वर्षात प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिकची ३,४६,४८२ मुलं शाळा टाळणारी म्हणून नोंदली गेली, म्हणजे वर्षात तीस किंवा जास्त दिवस गैरहजर. ओत्सु शहरातल्या एका मुलाच्या आत्महत्येनंतर २०१३ साली छळवणुकीविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. केस काळेच हवेत, असल्या नियमांवरून मुलं कोर्टात गेली आहेत. शिक्षकांची दशा तर त्याहून बिकट. २०१८च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत कनिष्ठ माध्यमिकचे जपानी शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करताना आढळले, आणि १९७१च्या कायद्याने त्यांना ओव्हरटाइमऐवजी पगाराच्या ४ टक्के इतकाच भत्ता ठरवून दिला होता. आपण कौतुक करतो त्या व्यवस्थेचा बराच भार या न मोजलेल्या तासांवर आहे.

राहिला आयातीचा मुद्दा. इजिप्तने २०१८पासून जपानी पद्धतीच्या शाळा सुरू केल्या. वर्गसभा, पाळ्या, सफाई सगळं आहे. पण जे जपानमध्ये गल्लीतल्या सरकारी शाळेत मिळतं, ते तिथे निवडक शाळांत फी भरून मिळतं.

मग आपण घ्यायचं काय, असं तुम्ही शेवटी विचारलंत. मी एकच गोष्ट उचलेन, ती म्हणजे आहार-शिक्षक. हे पद जपानमध्ये २००५ साली निर्माण झालं. तो माणूस जेवणाचा बेत ठरवतो, आणि ताटातल्या भाजीवरून वर्गात शिकवतोही. प्रत्येक शाळेला एक नसतो, काही शाळा मिळून एक असतो. आपल्याकडे खिचडीचे तांदूळ मोजणं आणि रजिस्टर भरणं हे गणित शिकवणाऱ्या गुरुजींच्याच गळ्यात आहे. शाळांच्या प्रत्येक केंद्रामागे (जवळच्या काही शाळांच्या गटामागे) असा एक माणूस नेमला तरी गुरुजी वर्गात परततील. खर्च राज्याने उचलावा की जिल्हा परिषदेने, यावर तुमचं मत वाचायला आवडेल.