पाव किलो शेव आणि सव्वा किलोचा लॅपटॉप

"यावर लिनक्स चालेल का?" असं, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या त्या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल, इंदुरात संगणकाच्या दुकानात विचारलं की आधी शांतता पसरते. मग मालक धीर देतो, "भिया, विंडोज ओरिजनल आ रहा है साथ में, क्यों टेंशन लेते हो?" घरी काकांचं वेगळंच, "लिनक्स कुठल्या कंपनीचा? वॉरंटी किती?" दोघांशीही वाद घालू नये. लॅपटॉपची चौकशी लॅपटॉपकडेच करावी, या मताचा मी आहे. त्यासाठी खिशात आठ जीबीचा पेन ड्राइव्ह हवा, त्यावर फेडोरा किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांपैकी एकाची ताजी आवृत्ती. लॅपटॉप त्या ड्राइव्हवरूनच सुरू करून बघायचा. जुनी नको, जुन्या कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, नवं वायफाय ओळखता येत नाही आणि आपण चांगल्या यंत्राला उगाच नापास करून घरी येतो.

वजनाचं काय, पाटीवर १.२ किलो लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. फक्त चार्जर त्यात धरलेला नसतो. जुन्या घाटणीचा ६५ वॉटचा चार्जर जाड वायरीसकट पाव किलोच्या पुढे सहज जातो. म्हणजे रोज खांद्यावर पाव किलो शेव, तीही खाता न येणारी. त्यापेक्षा टाइप-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप घ्या, म्हणजे हलका चार्जरही चालतो.

बॅटरी 'अठरा तास' चालते म्हणतात. तास विचारूच नका, वॉट-तास, म्हणजे बॅटरीत वीज किती मावते ते, विचारा. ५४ वॉट-तासांची बॅटरी अठरा तास पुरवायची तर यंत्राने तीनच वॉट खायला हवेत, म्हणजे पडदा मंद करून कोणी हात लावायचा नाही. ब्राउझर आणि वायफाय चालू असताना सहा वॉट लागले तर नऊ तास, बारा लागले तर साडेचार. चार्जर काढा, पाच मिनिटं थांबा आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, 'यूपॉवर' लिहून पुढे डॅश डी द्या (upower -d). 'एनर्जी-रेट', म्हणजे यंत्र आत्ता किती वॉट खातंय, हा तो खरा आकडा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्रात हाच आकडा काही काम नसतानाही फुगलेला दिसला, तर ते कार्ड झोपत नाहीये असं समजा. जुना लॅपटॉप घेत असाल तर 'एनर्जी-फुल' (आज बॅटरीत मावते तेवढी वीज) आणि 'एनर्जी-फुल-डिझाइन' (नवी असताना मावायची तेवढी) शेजारी ठेवून पाहा. ५० पैकी ३१ उरले असतील तर भाव त्याच हिशेबाने पाडा. लेनोवोच्या थिंकपॅड टी ४८० ची गंमत इथेच आहे. आत २४ वॉट-तासांची एक बॅटरी, मागे ७२ पर्यंतची दुसरी, आणि मागची चालू यंत्रातून काढून बदलता येते. हलका मात्र त्याला कोणी म्हणणार नाही.

आता खरी परीक्षा, झोपेची. टक्के लिहून ठेवा, झाकण मिटा आणि खाली जाऊन पोहे-जलेबी खाऊन या. अर्ध्या तासात एखादा टक्का उतरला तर ठीक. चार उतरले तर ते यंत्र झोपलेलं नाही, दुपारी आजोबा पडतात तसं नुसते डोळे मिटून पडलंय. हाच दर रात्रभर राहिला तर आठ तासांत ६४ टक्के साफ, वर सकाळी बॅग गरम. नव्या यंत्रांत जुनी 'डीप' झोप बऱ्याचदा नसतेच, 'एस-टू-आयडल' नावाची हलकी झोप असते. ती नीट जमलेली असली तर तक्रार नाही, पण जमली आहे का हे पोहे खाल्ल्याशिवाय कळत नाही. परत आल्यावर पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याचा हात पुसून मगच टचपॅडला लावा.

कॅमेरा नक्की उघडून बघा. इंटेलच्या काही अलीकडच्या यंत्रांत तो आयपीयू-सिक्स नावाच्या, चित्र हाताळणाऱ्या भानगडीमागे असतो आणि लिनक्सला कधीकधी काळोख दिसतो. बोटाचा ठसा चालला तर बोनस. सिक्युअर बूटला, म्हणजे अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणाऱ्या कुलपाला, हात लावू नका. फेडोरा आणि उबुंटू दोन्ही त्याच्यासकट सुरू होतात, आणि तो बंद केला तर दुकानाचं विंडोज पुढच्या वेळी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कच्या कुलपाची, किल्ली मागत बसू शकेल. स्थापनेच्या वेळी एसएसडी दिसतच नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हीएमडी ही इंटेलची डिस्क सांभाळणारी सोय चालू असू शकते, पण ते उद्योग लॅपटॉप आपला झाल्यावर करा.

एवढ्यात मालक दोनदा येऊन गेलेला असतो. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पाहून त्याला वाटतं, व्हायरस आला. पेन ड्राइव्ह काढा, विंडोज परत दाखवा, त्याच्या जिवात जीव येऊ द्या आणि तेव्हाच भावाला हात घाला. भाव फारसा उतरणार नाही, बॅग मात्र फुकट मिळेल. ती हातात घेऊन बघा. कित्येकदा ती लॅपटॉपपेक्षा जड असते.